चनबसप्पांनी ताडलेला श्रावण

चनबसप्पांच्या हिशेबात एकतीस वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

सोलापुरातल्या ज्या संस्थेचे ते हिशेबनीस, ती छोटी. वळसंगला भाड्याच्या खोलीत तिची मुलींची अभ्यासिका. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी हौसेनं नवं काम अंगावर घेतलं: आलेल्या देणग्या आणि संस्थेचं फेसबुक पान पाहणारे लोक, दोन्हींचा एकच आलेख काढायचा. ऑफिसातली काव्या आकडे द्यायची, रेघा ते ओढायचे.

दहा ऑगस्टला दोन्ही रेघा गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आल्या. विश्वस्त प्रभुअण्णा म्हणाले, "असं असेल तर वळसंगची खोली सोडावी लागेल. शनिवारच्या बैठकीत ठरवू."

त्या खोलीत तेवीस मुली बसत. चनबसप्पांना घास गोड लागेना. जुन्या देणगीदारांना ते फोन लावत बसले. मंद्रूपच्या सुंदरम्मांनी सुनावलंच, "धोंड्याच्या म्हयन्यात मागताय व्हय? जावयाचं करून हात रिकामा झालाय. श्रावण तर लागू द्या की."

"अजून लागला नाही?"

"साहेब, तुमच्या घरात क्यालेंडर न्हाय का?"

होतं. यंदा अधिक महिना आल्यानं श्रावण सतरा तारखेला लागणार होता; गेल्या वर्षी दहा ऑगस्टला तो ऐन भरात होता. संस्थेच्या निम्म्या देणग्या श्रावणी सोमवारच्या, पान पाहणारेही तेव्हाच वाढत. चनबसप्पांनी तारखेला तारीख लावली होती. आता त्यांनी यंदाचा श्रावणाआधीचा महिना गेल्या वर्षीच्या श्रावणाआधीच्या महिन्याशी ताडून पाहिला. रेघ थोडी वरच गेली.

शनिवारी ते उभे राहिले. "आलेख चुकलाय."

"कुणी काढला होता?" प्रभुअण्णांनी विचारलं.

"मीच."

मग त्यांनी सुंदरम्मांचा फोन आणि धोंड्याच्या महिन्याचा घोळ सांगितला. अध्यक्षा जगदेवीअक्का म्हणाल्या, "म्हणजे आपल्या देणग्या जावयांनी खाल्ल्या म्हणायच्या."

"माझ्याकडं बघू नका," प्रभुअण्णा म्हणाले. "मला सासरहून यंदा नुसता टॉवेल आलाय."

श्रावण संपेपर्यंत थांबायचं ठरलं. अमावास्येला दोन्ही रेघा गेल्या श्रावणाच्या वर होत्या. वळसंगच्या खोलीचा करार वर्षभरासाठी वाढला. साक्षीदार म्हणून चनबसप्पांनी सही केली, तारीख घातली, आणि घरमालक बघत असतानाच शेजारी तिथीही लिहिली.