रुखवतात माझे साबण

मंडळी, आज सांगलीच्या प्रदर्शनात माझ्या साबणांचा स्टॉल होता. आईची इरकल साडी अंथरून त्यावर हळदीचे, कडुलिंबाचे, गुलाबाचे साबण पायऱ्यांवर मांडले होते. माझं एका मुलीवर प्रेम आहे; कमावता दिसलो तर तिच्या घरचे लग्नाला हो म्हणतील, म्हणूनच कॉलेज सोडून हे सुरू केलं होतं.

दुपारी ती आली, तिच्या आईला घेऊन. त्या माउलीला आमचं काहीच माहीत नाही.

"लय झ्याक मांडलंयस रं. हिचं लगीन ठरलंय. रुखवतात असंच मांडून देशील का?" तिची आई म्हणाली.

मी आईला सोडून तिच्याकडं बघितलं. ती खाली बघून म्हणाली, "गुलाबाचे नको. त्यांना वास सोसत नाही."

'त्यांना' ऐकलं आणि डोकंच फिरलं. "देतो की, फुकट देतो," म्हणालो.

शब्द तर दिलाय. आता तिच्या मांडवात जाऊन हात कसा चालवायचा, सांगा कुणीतरी.