शनिवारी ‘न्हाई’ म्हणायचं न्हाई

आमच्या शेख सरांच्या नाटकाच्या तासाचे किस्से म्हणजे कांद्याचा ढीग. वरचा एक उचलावा, तर दहा घरंगळत पायाशी! परवा रांजणगावला कंपनीच्या बसमध्ये संतोष भेटला. न्हावऱ्याच्या शाळेत आम्ही एका वर्गात. मी नुसतं “काय रे, म्हशीचे दात कसे हायेत?” विचारलं, आणि बोलता बोलता आमचा स्टॉप मागे गेला.

सर शिकवायचे विज्ञान. पण शनिवारी सकाळची शाळा, आणि शेवटचा तास नाटकाचा. स्क्रिप्ट नाही, पाठांतर नाही. “समोरचा बोलंल ते खरं मानायचं आन् पुढं न्यायचं. ‘न्हाई’ म्हणला तो बाद!” एवढा एकच नियम.

*

पहिल्याच शनिवारी संतोष जनावरांचा डॉक्टर झाला. मी म्हशीची मालकीण. मी म्हणाले, “डॉक्टर, म्हशीचे वरचे पुढचे दात लई दुखत्यात हो!”

संतोष ताडकन म्हणाला, “न्हाई! म्हशीला वरचे पुढचे दातच नसत्यात!”

“बाद!” सर ओरडले.

गडी रडकुंडीला आला. “सर, आमच्या गोठ्यात सात म्हशी हायेत. खोटं कसं बोलू?”

“अरे, मग कवळी बसव की तिला!”

*

पुढं हाच संतोष असा तयार झाला, की विचारू नका! एकदा आमचं मुलगी बघायचं नाटक चाललेलं. तेवढ्यात तपासणीचे साहेब दारात. “काय चाललंय हे?”

संतोष हात जोडून पुढं. “या या मामा! तुमचीच वाट बघत व्हतो. बसा, चहा ठेवलाय.”

मागे उभ्या हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक! साहेबांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, फाइल बाकावर ठेवली आणि ऐटीत बसले.

“साखर कमी घाला बरं का. मला शुगर हाय.”

*

पण आमच्यात खरी वाघीण कोमल. सरपंच हो म्हटलं की सरपंच, फौजदार हो म्हटलं की फौजदार! तिला सायन्सला जायचं होतं, दौंडच्या कॉलेजात. आणि तिच्या वडिलांचा, आप्पांचा, झेंडूचा मळा. त्यांनी ठरवून टाकलेलं, “दहावी झाली की बास. फुलं तोडायला माणूस मिळंना.”

सर म्हणाले, “अगं, एकदा बोलून तर बघ त्यांच्याशी. इथं तर आख्खं गाव गाजवतीस!”

“इथं समोर संत्या असतो, सर. घरी आप्पा असत्यात.”

हसली ती. मला मात्र लई वाईट वाटलं. अजून वाटतं.

*

दहावीच्या वर्षी दौंडला नाटकाची स्पर्धा होती. त्या दिवशी आप्पांचा झेंडू दौंडच्याच बाजारात गेलेला. माल उतरवून ते हॉलमध्ये आले आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले. कोमलला पत्ताच नाही.

विषयाची चिठ्ठी निघाली: बाप-लेक, एसटी स्टँडवर. संतोष बाप झाला. छान चाललेलं. गाडी लेट, बाप वैतागलेला, लोक हसतायत. आणि मधेच कोमल एकदम म्हणाली, “आप्पा, मला अकरावीला दौंडला यायचंय. येऊ का?”

संतोषनं तोंड उघडलं आणि त्याला मागं भिंतीपाशी खरे आप्पा दिसले. झालं! त्याची दातखीळच बसली. मी विंगेत सरांची बाही घट्ट धरून उभी.

मागून खाकरल्याचा आवाज आला.

“ये की.”

कोमल गर्रकन वळली. बघतच राहिली. परीक्षक माना वळवून बघायला लागले. पण वाघीण स्टेजवरून हलली नाही. तिनं विचारलंच, “आन् फुलं कोण तोडंल, आप्पा?”

आप्पांनी टोपी काढली, परत घातली.

“कॉलेजची गाडी सकाळी साडेसहाची हाय. तवर दोघं मिळून व्हतील तेवढी तोडू.”