सहा बॉल

दासगावात सावित्री नदीवर धुकं उतरलं की तो मला अजून दिसतो. साठीचा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेला, क्रिकेटच्या पिचवर झारीने पाणी मारणारा. आमच्या मैदानाचा नियमच होता, जो पिचचं काम करील त्याला खेळायला मिळेल. आम्ही टीमवाले कामाला टाळाटाळ करायचो. तो मात्र रोज पहाटे रोलर ओढायचा, उकिडवा बसून मातीवरून तळहात फिरवायचा आणि त्या बदल्यात फक्त सहा बॉल खेळायचा. मारायचाही नाही. बॉल बॅटवर अलगद थांबवून स्वतःशीच हसायचा. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सिमेंटची पिच झाली. आता ना पाणी, ना रोलर. तो आला आणि रिकाम्या हातांनी कडेला उभा राहिला.

“काका, घ्या,” म्हणत मी बॅट पुढे केली.

“नको रे. आज मी कायच काम केलेलं नाय.”

तो वळला आणि धुक्यात शिरला. गेला तो, असंच मला वाटलं.

ऊन वर आलं, धुकं विरलं, तेव्हा तो पार बाउंड्रीजवळ वाकलेला दिसला. लुंगीची झोळी करून मैदानातले खडे वेचत होता. झोळी बांधावर रिकामी करून तो आला, हात पुसले, बॅट घेतली.

“हां. आता टाक.”