रिकाम्या गाडीची थरथर

उखर्डू मिस्त्रीच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत. म्हणून तो जन्मल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि त्यावरूनच नाव पडलं. याच पोरानं पुढं धुळ्याच्या पारोळा रोडवर गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवण्यात असं नाव काढलं, की शिरपूर-साक्रीचे ड्रायव्हर वाट वाकडी करून त्याच्याकडे यायचे. नवी पिकअप शोरूममधून निघाली की आधी तिची पूजा होते, नारळ फुटतो, आणि मग ती पाटा चढवायला येते. भरल्या मालानं मागून बसू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा. कंपनी नको म्हणते, पण इकडं कंपनीला विचारतो कोण?

हाताला जेवढा चांगला, तेवढाच माणूस तोंडाला वाईट. शेजारच्या टायरवाल्या तोतारामला साधी पक्कड मागितली तरी चार दुकानांना ऐकू जायचं. आणि आपल्याला एखादी गोष्ट कळली नाही, हे वाक्य त्याच्या तोंडून पंचावन्न वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

त्याचा जावई युवराज चाळीसगावचा. स्वभावानं गरीब, खाली मान घालून बोलणारा. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यानं आणि उखर्डूच्या मुलीनं, साक्षीनं, नवीकोरी पिकअप घेतली. भडगावची केळी भरून नाशिकला न्यायची, असा बेत. जावयाची गाडी म्हटल्यावर उखर्डूनं स्वतः पाटे घातले, कुणाला हात लावू दिला नाही. एकीकडे पेढे वाटत होता, एकीकडे पाना फिरवत होता.

पहिल्या आठवड्यातच गाडी थरथरायला लागली. तीही मोठी चमत्कारिक. भरलेली असली की लोण्यासारखी चालायची. नाशिकला माल उतरवून रिकामी परत निघाली, की पंचावन्नच्या पुढं सीटखालून घूं असा आवाज उठायचा, गिअरचा दांडा थरथरायचा, पायाला मुंग्या यायच्या. साठ-पासष्टला तर वाटायचं, खालून काहीतरी तुटून पडणार.

शोरूमनं दोनदा ठेवून घेतली. बाहेरून पाटा टाकलाय, वॉरंटीत बसत नाही, एवढं लिहून परत दिली. उखर्डू खवळला. "काम टाळनं ऱ्हायनं का शोरूमवाला पाटानं नाव लेस!" त्यानं गाडी आपल्याकडे आणवली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा उतरवला, त्याच्या सांध्यांतले क्रॉस बघितले, मधली बेअरिंग बघितली. तोतारामनं चारी चाकं बॅलन्स करून दिली. तीन दिवस झाले. काही सापडलं नाही.

नाही सापडलं म्हणायचं, तर ते उखर्डूला येत नव्हतं. तोतारामच्या दुकानासमोर पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांच्यादेखत तो जावयाला म्हणाला, "गाडीमा काहीच नई. अर्धा क्लच दाबीसन चालवतस तुम्ही. नवी गाडीनी वाट लाई दिनी, पाव्हना!"

ड्रायव्हर हसले. युवराजनं किल्ली घेतली आणि निघून गेला.

तोतारामच्या दुकानात हवा भरायला सगळा खान्देश येतो. पंधरा दिवसांत ही गोष्ट भडगावला पोहोचली. ज्याला नवी गाडी सांभाळता येत नाही, त्याच्या हाती आपला माल कसा द्यायचा? व्यापाऱ्यांनी दुसऱ्या गाड्या लावल्या. नऊ वर्षं लोकांच्या गाड्या चालवून एकही ओरखडा न पाडलेला ड्रायव्हर, आणि स्वतःची गाडी घेतल्यावर त्याचं नाव गेलं. साक्षीचा फोन आला. "बाबा, त्या आते गाडीले हात बी लावतस नई. स्टेअरिंगवर बसनात का हात कापतस म्हनतस."

"कापू दे. शिकी जातीन," उखर्डू म्हणाला आणि फोन ठेवला. पण जेवण गोड लागेना. अर्ध्या क्लचनं खराब झालेली गाडी भरल्यावर आधी कुरकुरली असती. ही रिकामी असतानाच का थरथरावी? हे त्याला पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणूनच तो जास्त ओरडून सांगत होता.

मग एका सोमवारी तशीच दुसरी पिकअप पाटा घालायला आली. त्याच मॉडेलची. उखर्डूनं मागचे बोल्ट ढिले केले आणि पाट्यांच्या खालून एक लोखंडी पाचर सुटून हातात आली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. मागची दोन्ही चाकं जोडणारा धुरा किंचित तिरपा बसावा, त्या लांब दांड्याशी त्याचा कोन जुळावा, म्हणून कंपनीनं घातलेली. जाड बाजू मागं होती. उखर्डूनं ती उलटसुलट करून बघितली. जुन्या मॉडेलना असली पाचर नसायची. युवराजच्या गाडीला ती निघाली तेव्हा त्यानं नीट पाहिलंच नव्हतं. पेढ्यांच्या नादात अंदाजानं बसवली होती, दोन्ही बाजूंना, जाड बाजू पुढं करून. धुरा उलटा कलला. वरून जादा पाट्यानं गाडी मागून उचलली, त्यात भर पडली. माल भरला की मागची बाजू दबायची आणि कोन थोडा जागेवर यायचा. सगळं जुळलं. शोरूमवाला कामचुकार असेल, पण बरोबर होता.

दोन दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पिशवीत जॅक आणि पाने भरले. भंगारातून एक झिजलेला क्रॉस शोधला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तोही पिशवीत टाकला. पाचरा गुपचूप फिरवायच्या आणि जावयाला हा क्रॉस दाखवायचा, हा खराब झाला होता म्हणून. गाडी सुधारेल, आपलं नावही राहील. लबाडीच होती, दुसरं काय! चाळीसगावच्या एसटीत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला.

गाडी घरासमोर ताडपत्रीखाली होती. युवराज पाया पडला, पण नजर वर केली नाही. उखर्डू गाडीखाली शिरला. पाचरा उलट्याच होत्या. दोन-अडीच तासांत त्यानं त्या फिरवल्या, बोल्ट आवळले, बाहेर येऊन हात पुसले आणि वर्तमानपत्र उघडलं.

"हाऊ देखा. क्रॉस गयेल व्हता. नवा टाकी दिना."

दोघं गाडी घेऊन धुळे रोडला लागले. रिकामी गाडी. पन्नास, पंचावन्न, साठ, सत्तर. कसलाही आवाज नाही. गिअरचा दांडा जागच्या जागी. युवराजनं गाडी हळूच कडेला घेतली, बंद केली आणि तो झिजलेला क्रॉस हातात घेऊन बघत राहिला.

"नवी गाडीना क्रॉस दोन महिनामा जास, मामा? म्हंजे तुम्ही म्हनेत तेच खरं. मन्हा हातखालेच गया ना?"

उखर्डूला वाटलं होतं, गाडी बरी झाली की पोरगा खुलेल. तो तर आणखीच खचला होता. 

"टाकी द्या तो," उखर्डू म्हणाला. "भंगारना शे. तुम्हनी गाडीना नई." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पाचर, पेढे, सोमवारची गाडी. "चूक मन्ही शे, पाव्हना."

युवराजनं क्रॉस खाली ठेवला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यानं सासऱ्याकडे कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. आज मात्र मागितलं.

"मामा, हाई तोतारामभाऊना दुकानवर सांगशात?"

 तिथं काय होईल, हे उखर्डूला पक्कं माहीत होतं. हसणारे हसतील, उद्यापासून पाटा बसवायला आलेला प्रत्येक ड्रायव्हर पाचर कुठल्या बाजूनं लावतोस विचारील. "चला," तो म्हणाला.

तोतारामच्या दुकानासमोर दुपारच्या चहाची वेळ होती. सात-आठ ड्रायव्हर होते. उखर्डू उतरला. ज्या माणसाचा आवाज चार दुकानांना जायचा, त्याला तोतारामला दोनदा हाक मारावी लागली. त्यानं सांगितलं, तुटक तुटक, पण एकही गोष्ट गाळली नाही, पिशवीतला भंगाराचा क्रॉससुद्धा नाही. कुणीच हसलं नाही. युवराज गाडीतच बसला होता, काच खाली करून.

तोतारामनं हातातला ग्लास खाली ठेवला. "आनि दोन महिना पोरगानी तोंडमातीन एक शब्द बी काढा नई?"

"काढा व्हता," उखर्डू म्हणाला. "पाटा टाकेल नंतर पहिलीच फेरीले फोन करा व्हता त्यानी, पाटा देखी ल्या म्हने. मी बोलू दिधं नई."