हळदीकुंकवाचे संगणक

राजेंद्र गुरुजींना गाव मान देतं ते त्यांच्या शिकवण्यासाठी नव्हे, संगणकांसाठी. आंदर मावळातल्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेला सहा वर्षांपूर्वी तीन संगणक देणगीत मिळाले. त्या खोलीची किल्ली गुरुजींच्या पट्ट्याला असते, आणि मला वाटतं, आंघोळीलाही ते ती सोडत नसावेत. मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका. रोज तुंगार्लीहून स्कूटीवर हाडं खिळखिळी करत येते, त्यामुळे त्यांच्या कौतुकाला माझ्याकडे फारसं त्राण उरत नाही.

"पोरांनी हात लावला की बिघडतात," हा गुरुजींचा पहिला नियम. चपला बाहेर काढायच्या, हा दुसरा. दुसऱ्याची गरजच पडली नाही, कारण आत कोणी जातच नव्हतं. अपवाद फक्त खंडेनवमीचा. त्या दिवशी गावात गोरखभाऊ नांगर पुजतात आणि शाळेत गुरुजी संगणक. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, वर नारळाचं पाणी. गोरखभाऊ नंतर नांगर धुऊन वावरात नेतात. गुरुजी संगणकावर प्लास्टिक घालून कुलूप लावतात.

या पावसाळ्यात वरून पत्र आलं. तंत्रज्ञान वापरून शिकायला मुलांना किती जमतं, याची ऑनलाइन चाचणी होती. माहिती शोधता येते का, खरी बातमी खोटीपासून ओळखता येते का, पासवर्ड सांभाळता येतो का, असे पन्नास प्रश्न. खाली स्वच्छ लिहिलं होतं की मागे पडणाऱ्या शाळांना वर्षभर संगणक शिक्षक आणि दहा टॅब मिळतील. ते वाक्य मी गुरुजींना दोनदा वाचून दाखवलं.

"मागे पडायचं? वीस वर्षांची अब्रू आहे माझी, मॅडम!"

चाचणीच्या दिवशी कुलूप उघडलं. पडदे उजळले, याचंच मला नवल वाटलं. पण कळफलकाच्या कळा दबेनात. गोरखभाऊंची प्रेरणा, सातवीतली, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावत होती. शेवटी तिनं केसातली पिन काढून कळेखाली खुपसली, तर तांदळाचा लाल दाणा बाहेर आला.

"अगं हळू! पूजेचं आहे ते!" गुरुजी ओरडले.

"गुरुजी, आमाला येत न्हाई असंच लिवा की," प्रेरणा म्हणाली. "पुढल्या वर्षी मी लोणावळ्याला जानार आठवीला. तितल्या पोरींना समदं येतंय. मला माऊस धरता येत न्हाई, लय हसतील त्या. येत न्हाई म्हनलं तर शिकवायला कुनीतरी येईल."

"वेडी का काय तू? शाळेचं नाव घालवशील!"

संध्याकाळी तळेगावच्या घरी, सोफ्यावर बसून, गुरुजींनी स्वतःच्या लॅपटॉपवर एकतीस मुलांची चाचणी एकट्यानं दिली. संशय नको म्हणून मधूनमधून एखादं उत्तर मुद्दाम चुकवलं. मुलांचे क्रमांक आणि पासवर्ड फोनवर मीच वाचून दाखवले. माझा बदलीचा अर्ज मुख्याध्यापक म्हणून त्यांच्या सहीवर अडलेला होता, हे माझं कारण. कारण म्हणून ते गुरुजींच्या अब्रूपेक्षाही हलकं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

निकाल लागला. आमची शाळा तालुक्यात पहिली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! गुरुजींना शाल-श्रीफळ मिळालं. टॅब आणि शिक्षक गेले डोंगरापलीकडच्या शाळेत. तिथल्या सारिकाबाईंनी मुलांना जमेल तशी चाचणी देऊ दिली होती आणि त्यांची शाळा शेवटून पहिली आली होती.

"व्यवहार कळत नाही बाईला," गुरुजी हसून म्हणाले.

प्रशस्तिपत्राला चौकट करून ते संगणकांच्या वर टांगलं. त्यालाही कुंकू लागलं. मग परिपाठाला गुरुजींनी सगळ्यांचे गुण मोठ्यानं वाचले. प्रेरणाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"गुरुजी, मला दोनच यायचं राह्यलं म्हंजे," ती म्हणाली. "तेवढं दोन तरी शिकवा."

गुरुजींचा हात पट्ट्याच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट उघडला आणि वाचलेलीच नावं पुन्हा वाचायला लागले.