न गाणाऱ्या मुलांचा खटला

कोल्हापुरात मी कायदा शिकले, वर्षभर कोर्टात उभीही राहिले. लग्नानंतर शारजाला आले आणि आता दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघते. त्यामुळे अकरावीतल्या लेकीने जेवता जेवता, "मम्मा, व्हॉट इज अ रिट पिटिशन?" असं विचारलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता!

तिच्या शाळेत लुटुपुटीचं कोर्ट भरणार होतं. खटला मात्र खराखुरा, भारतात गाजलेला. केरळातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीत लागलं की मानाने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेने त्यांना काढून टाकलं. मुलं हक्कांसाठी रिट पिटिशन घेऊन उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकली. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहणंही येतं, हे मी त्या निकालातून शिकले होते.

लेकीच्या वाट्याला शाळेची बाजू आली. मुलांच्या बाजूने होती तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचं कुटुंब रत्नागिरीचं, शारजातल्या अल मजाजमध्ये आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतं. त्या मुलीच्या आईला मी भाभी म्हणते. दोघींची तालीम आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी भांडण.

"यू आर ऑन द राँग साइड ऑफ हिस्टरी!" मैत्रीण ओरडली.

"आय डिडन्ट चूज इट!" आमची रडकुंडीला आली.

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "वकिलाला बाजू मिळते, अगं. पटत नसली तरी ती नीट मांडायची. तू कच्ची राहिलीस, तर तिच्या जिंकण्याला काय किंमत?"

मग मी शिस्तीचे, नियमांचे मुद्दे काढून दिले. समोरच्या मुलीलाही तितकेच दिले. भाभी घावन घेऊन आल्या, तर मुलींनी त्यांनाच न्यायाधीश केलं.

"पोरं मानानं उभी राहिली ना?" भाभींनी विचारलं. "मग खलास! केस संपली."

"भाभी, अजून शाळेचं म्हणणं ऐकायचंय."

"ऐकवा. पण मी निकाल बदलायची नाय."

आम्ही चौघी हसून हसून बेजार झालो.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात मी आणि भाभी शेजारी बसलो. माझी लेक झकास बोलली, थोडी भरभर. मग तिच्या मैत्रिणीची पाळी आली. न्यायाधीश झालेल्या बाईंनी तिला मध्येच अडवलं. "मुलं बोललीच नाहीत, तर त्यांनी मत मांडलं कसं?"

ती उभी. ताठ, हात बाजूला, नजर समोर. एक शब्द नाही. भाभींनी माझा हात घट्ट धरला. "विसरली, वैनी," त्या पुटपुटल्या. मी मनात तिला उत्तर सांगत होते, जणू ते तिला ऐकू जाणार होतं.

मग ती म्हणाली, "मॅम, मी आत्ता काहीच बोलले नाही, तरी तुम्ही त्याचा काहीतरी अर्थ लावलाच ना? तुम्हाला माझा उद्धटपणा वाटला का?"

बाई चक्क हसल्या. टाळ्यांची सुरुवात कुणी केली असेल? प्रतिपक्षाच्या टेबलावरून, माझ्या लेकीने.

निकाल मुलांच्या बाजूने लागला. बाहेर आल्यावर मी लेकीच्या मैत्रिणीला विचारलं, "कधी सुचलं तुला हे?"

"आंटी, आय जस्ट फरगॉट एव्हरीथिंग," ती म्हणाली. "मग वाटलं, गप्प तर राहिलेच आहे, तेच वापरू या."

हरलेली माझी लेक तिच्या गळ्यात पडून उड्या मारत होती. मला फार आनंद झाला होता. वकिली सुटल्याची हळहळ मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. त्या दिवशी ती हळहळ नव्हतीच.

परतताना खालिद लगूनच्या काठावर आम्ही इथला कडक, दुधाळ करक चहा घेतला. मुलींनी लगेच पुढचा वाद काढला. राज्यघटनेतला शांततेने, शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क. चौघी जणी बाकावर बसल्या, तर ती सभा म्हणायची का?

"नियम बघावा लागेल," माझी लेक गंभीरपणे म्हणाली.

"जमलो तर जमलो," भाभी म्हणाल्या. "यल्ला, आटपा, चहा निवतोय."