पंधरा दिवसांचे हिंगवे वकील

हिंगवे वकिलांकडे पक्षकार आला की ते त्याला आधी नाव विचारत नसत, गावही विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न करत, "निकाल कोणत्या तारखेले लागला?" मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस मोजत. मोजणी पंधराच्या आत संपली की चेहरा खुलायचा. "बसा. आता नाव सांगा. चहा घेता?"

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीविरुद्ध कोर्टात अर्ज करायचा तर तो निकालापासून पंधरा दिवसांत करावा लागे. सोळाव्या दिवशी तक्रार कितीही खरी असो, कोर्ट तिला हात लावत नसे. सत्तरच्या दशकात सनद मिळाल्यावर मी शहरातल्या धंतोली भागातल्या त्यांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागले, आणि पहिल्याच महिन्यात हा सोळावा दिवस मी डोळ्यांनी पाहिला.

सावनेरकडचा एक शेतकरी आला होता. मतमोजणीत त्याच्या मतांचा एक गठ्ठा दुसऱ्या उमेदवाराच्या नावावर मोजला गेला होता, साक्षीदारही पक्के होते. पण मधल्या दिवसांत त्याची आई वारली, आणि तेरवी उरकून तो आला तेव्हा हिंगव्यांचं बोट सोळाव्या चौकोनावर थांबलं. कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं होतं, की अर्जावर मागची तारीख टाकून घेता येते. त्याने ते चाचरत बोलून दाखवलं.

हिंगवे शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमच्यासंगं खोटं झालं म्हणून आपण कोर्टात जाऊन राहिलो. मग आपणच खोटं घेऊन कसं जायचं?"

माणूस उठला. दारात वळून एवढंच म्हणाला, "साहेब, हे पंधरा दिवस आमाले कोणी सांगतलेच नाही."

त्या दिवशी हिंगवे जेवायला घरी गेले नाहीत. दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. "लिहून घे वं. निकालापासून पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी अर्ज चालत नाही. कोणत्याही वकिलाकडे जा, पण लवकर जा." त्याची पत्रकं छापली गेली. खाली त्यांनी स्वतःचं नाव टाकू दिलं नाही. "नाव टाकलं तर लोक म्हणतीन, धंदा करून राहिला." त्यानंतर जिल्ह्यात कुठेही पंचायतीचे निकाल लागले, की ते रविवारी एसटीने जात, पंचायतीच्या भिंतीवर पत्रक लावत, आणि जिंकलेल्यालाही एक देत. "ठेवा. पुढच्या वेळी तुमच्या कामी येईन."

शेवंताबाई आली ती असंच एक पत्रक मुठीत घेऊन. कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी करणारी बाई. "मी दोन मतांनं पडली, वकीलसाहेब. माह्या तीन चिठ्ठ्या बाद केल्या. शिक्का चौकटीच्या जरासा बाहेर गेला म्हणते!" तो चौदावा दिवस होता. आम्ही संध्याकाळपर्यंत अर्ज तयार केला आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच दाखल केला.

खरी लढाई पुढे होती. समोरचे वकील दर वेळी पुढची तारीख मागत. कधी पक्षकार आजारी, कधी कागद सापडत नाहीत. पंचायतीची मुदत संपेपर्यंत खटला रेंगाळला की जिंकूनही शेवंताबाईच्या हाती काही लागणार नव्हतं. हिंगवे न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, या बाईले कायद्यानं पंधरा दिवस दिले, तिनं ते पाळले. आता आपण तिले पाच वर्षं बसवून ठेवायचं काय?" न्यायाधीशांनी मतपत्रिका उघडण्याची तारीख पक्की केली. ती नेमकी हिंगव्यांच्या मुलीच्या लग्नाची निघाली.

हिंगव्यांच्या पत्नी, आमच्या काकू, भडकल्या. "पोरीचा बाप कन्यादानाले तरी येईन ना?"

"मुहूर्त गोरजाचा आहे, कोर्ट अकराले आहे," हिंगवे म्हणाले, आणि हळद लागलेल्या मांडवातून काळा कोट घालून निघाले. समोरच्या वकिलांनी सौजन्याने सुचवलं, "आज तरी पुढची तारीख घ्या, हिंगवे. आमची हरकत नाही."

"माही आहे," हिंगवे म्हणाले.

मतपत्रिकांचं सीलबंद पाकीट फोडलं गेलं. तिन्ही चिठ्ठ्यांवरचा शिक्का कोणाही डोळस माणसाला स्पष्ट दिसत होता, आणि तो शेवंताबाईच्याच चिन्हावर होता. न्यायाधीशांनी त्या वैध धरल्या आणि ती एका मताने निवडून आली. हिंगवे धावतपळत मांडवात पोचले, मागोमाग शेवंताबाई. मंगलाष्टकं सुरू असताना ती काकूंच्या शेजारी उभी राहून अक्षता टाकत होती, आणि काकू तिच्याकडे बघून डोळे पुसत होत्या. राग कुठल्या कुठे गेला होता.

हिंगव्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला त्यांच्या शेवटच्या वर्षातला एक दिवस दिसतो. वकील संघाच्या अध्यक्षपदाला आम्ही त्यांना आग्रहाने उभं केलं होतं. ते तीन मतांनी पडले. मोजणी घाईत झाली होती आणि एका गठ्ठ्याबद्दल मला शंका होती. संघाच्या नियमाप्रमाणे तक्रारीला तीन दिवस होते. मित्र म्हणाले, या वयात शोभत नाही, जाऊ द्या. हिंगव्यांनी त्याच संध्याकाळी अर्ज दिला.

दुसऱ्या दिवशी फेरमोजणी झाली. गठ्ठ्यात खरंच चूक निघाली, पण ती त्यांच्याच फायद्याची झाली होती. ते तीन नव्हे, पाच मतांनी हरले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंगव्यांनी निवडून आलेल्या गृहस्थांचा हात धरून मनापासून अभिनंदन केलं, आणि माझ्याकडे आले.

"तोंड काहून पाडून राहिली वं?" ते हसत म्हणाले. "काल मी हरलो होतो, पण कसा हरलो ते माहीत नव्हतं. आता बरोबर हरलो."